आवाज मार खाणारा काढतो

थोबाड हे नाव त्याला बापाने दिलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं होतं, चांगलं भारदस्त, पण ते हजेरीपुरतंच वापरलं गेलं. लोक मुलांना राजा म्हणतात, सोन्या म्हणतात. या बापाने जिथे मारायचं त्या जागेचंच नाव मुलाला ठेवलं, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. पुढे हेच नाव दिव्यांच्या अक्षरांत टीव्हीवर झळकलं, तेव्हा मुलाखती घेणारे विचारत, 'इतकं भन्नाट नाव सुचलं कसं?' तो म्हणे, 'घरातच पडून होतं.'

बाप बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. दारू पीत नसे, जुगार खेळत नसे, त्यामुळे दोष द्यायला आईकडे काही उरलं नव्हतं. संध्याकाळी घरी यायचा, रॉकेलने हातांचं ग्रीस काढायचा, मग साबणाने हात धुवायचा, आणि मग इंजिन तपासावं तसं घर तपासायचा. कुठे ना कुठे एक बोल्ट ढिला सापडायचाच. दारामागे खिळ्याला बसच्या पंख्याचा जुना पट्टा टांगलेला असे. तो खाली आला की आई रेडिओचा आवाज वाढवायची. या घराला बातम्यांची फार आवड आहे, असं शेजाऱ्यांना वाटे.

मुलगे दोन. दादा मोठा, अंगाने दणकट आणि बोलण्यात अडखळणारा. अडखळतो म्हणून मार बसे की मार बसतो म्हणून अडखळे, हे विचारायला त्याला कुठल्या डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. धाकटा काटकुळा, पण जिभेचा पट्टा बापाच्या पट्ट्याहून लांब.

शोध त्याला अपघाताने लागला. एकदा पट्टा वर गेलेला असताना तो डेपोच्या सुपरवायझरसारखा पोट पुढे काढून चालला. या सुपरवायझरला बाप मनापासून पाण्यात पाहायचा. बाप थबकला. मग हसला. खोकला येईपर्यंत हसला. पट्टा खाली आला, पण हात एकदा तापला की त्याला काम लागतंच. तो वळला आणि दादाची पाठ सोलून निघाली. हसू म्हणजे ब्रेक नव्हे, स्टिअरिंग आहे, हे धाकट्याला वयाच्या नवव्या वर्षी कळलं. विनोदावरच्या जाड जाड ग्रंथांतून याहून फारसं जास्त निघत नाही.

मग आरशाची गोष्ट झाली. आरसा धाकट्याने फोडला होता. बापाने विचारलं दादाला.

"कुणी फोडला?"

"मी... मी... मी..."

'नाही' हा शब्द ओठांपर्यंत यायच्या आत पंजा कानावर बसला. दादा भिंतीवर आदळला, तिथून खाली, आणि खाली पोहोचल्यावर प्रामाणिकपणे म्हणाला, "...नाही." डाव्या कानातून रक्ताची बारीक धार कॉलरमध्ये उतरली. तो कान नंतर कायमचा बंदच राहिला.

दुसऱ्या दिवशी बापाची नजर पुन्हा फिरायला लागली, तेव्हा धाकट्याने आदल्या दिवसाची नक्कल केली. बापही तोच, दादाही तोच. "मी... मी... मी..." फाट! "...नाही." बाप लोळला. चार दिवसांनी वर्कशॉपमधले दोस्त घरी बोलावले आणि म्हणाला, "ए थोबाड, ते आरशाचं कर." हा त्याचा पहिला कार्यक्रम. प्रेक्षक पाचसहा, सगळे फिटर, आणि सगळ्यांना आपापलं घर आठवत असावं इतके ते हसले. दादा उंबऱ्यात बसून बापाचे बूट पुसत होता. कानात कापूस होता.

विसाव्या वर्षी थोबाड घरातून पळाला आणि बारमध्ये विनोद सांगायला लागला. बारमधला प्रेक्षक पैसे दारूचे देतो. विनोद त्याला वर फुकट मिळतो आणि फुकटच्या मालाला तो फुकटच्या मालासारखंच वागवतो.

"ए, हसव की!"

"हसवतोय ना साहेब, तुम्ही तोंड रिकामं ठेवलंत तर हसाल."

"बायकोला सांग असले विनोद!"

"सांगितले असते, पण ती तुमच्या टेबलावर बसलीय."

या उत्तराला सगळा बार हसला. टेबलावरचा माणूस हसला नाही, त्याने बाटली फेकली. नाकाचं हाड मोडलं ते तेव्हा. पुढल्या वर्षी बरगडी गेली, त्याच्या पुढल्या वर्षी एका लग्नाच्या पार्टीत नवऱ्यामुलाच्या मामाने त्याला स्टेजवरून ओढून खुर्चीने बुकललं. माईक चालू होता, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मागच्या रांगेने टाळ्या दिल्या. थोबाडने पडल्या पडल्या विचार केला की मार तर खातोच आहोत, निदान तो आपल्या वेळेवर खावा.

हे तंत्र त्याला शिकवलं एका फाइटमास्तरने. फाइटमास्तर फिरत्या नाटक कंपनीत मारामाऱ्या बसवायचा. एक डोळा नव्हता. तो मात्र खऱ्या मारामारीत गेला होता. त्याने थोबाडला समोर उभं केलं आणि हात फिरवला. हात गालापासून वीतभर लांबून गेला.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही."

"येणारच नाही. मारणारा नुसता हात फिरवतो. आवाज मार खाणारा काढतो. प्रेक्षकाला न दिसणारा तुझा हात छातीवर आपट, त्याच क्षणाला मान फिरव. लोकांना वाटतं गाल फुटला. जगात सगळीकडे असंच असतं बाळा, पण इथे निदान तालीम करता येते."

थोबाडने वर्षभर तालीम केली. हात फिरला की छातीवर थाप, मानेला झटका. बसमध्ये कुणी खांब धरायला हात वर केला तरी त्याची मान फिरायची आणि छातीवर थाप पडायची. शेवटी ते तंत्र त्याच्या हाडात गेलं आणि त्याने आरशाची नक्कल नव्याने बसवली. बापाचा पंजा, दादाचं थोबाड, तीन वेळा 'मी' आणि फाट. कॉलरच्या माईकने ती थाप अशी उचलली की पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे मिटले आणि मग पोट धरलं. दोन वर्षांत तो टीव्हीवर गेला. कार्यक्रमाचं नाव 'थोबाड'. पाहुणे यायचे, तो त्यांची सालं काढायचा, आणि शेवटी पाहुणा उठून त्याच्या मुस्काटात द्यायचा. या शेवटच्या चपराकीसाठी लोक कार्यक्रम पाहायचे. गायक, मंत्री, डॉक्टर, एक शास्त्रज्ञ. मेकअप रूममध्ये तो प्रत्येकाला शिकवायचा. नुसता हात फिरवा, बाकीचं मी बघतो. मंत्र्याला ते सगळ्यांत लवकर जमलं.

बाप मेला तेव्हा तो शूटिंगला होता. दादाने एकट्याने सगळं उरकलं.

दादा शाळेची बस चालवायचा. डेपोतल्या बापाचा मुलगा, गाडी त्याच्या हातात मऊ व्हायची. मुलांशी बोलावं लागत नसे, दार उघडायचं आणि मिटायचं, त्यामुळे नोकरी त्याला आवडायची. एका रविवारी तो थोबाडच्या फ्लॅटवर आला. सोफ्याच्या कडेला बसला, पाठ न टेकता.

"ते... ते आरशाचं... बंद कर."

"अरे दादा, तू आहेस हे कुणाला माहितीय? नाव कुठे घेतो मी?"

"शाळेत माहितीय. पोरीला चि... चिडवतात. बसमध्ये मी दार उघडलं की पोरं ओ... ओरडतात."

"काय ओरडतात?"

दादाने त्याच्याकडे पाहिलं. ते तीन शब्द त्यालाच म्हणून दाखवावे लागणार होते. त्याने म्हणून दाखवले नाहीत.

"मी आजवर काही मागितलं नाही तुझ्याकडे," तो म्हणाला, आणि हे वाक्य एकदाही न अडखळता म्हणाला, म्हणजे घरून पाठ करून आला असावा. "लोकांनी माझ्यावर ह... हसायचं नाही. बास."

थोबाडने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून शब्द दिला.

शब्द त्याने पाळला, कार्यक्रम घसरेपर्यंत. मग चॅनेलबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्या गोड बोलायच्या. ज्यांच्या हाताखाली कात्री असते त्यांना आवाज चढवावा लागत नाही.

"तुझा तो दादा कुठे गेला रे? आजारी आहे का?"

"तो आता नको, मॅडम. घरचं आहे."

"आपलं सगळं घरचंच असतं. पुढल्या महिन्यात कार्यक्रम राहतो की नाही तेही आपल्या घरचंच. एकदा कर. एकदाने काय होतंय?"

एकदाने काय होतं ते सोमवारी झालं. वहिनीचा फोन आला. वहिनी एरवी त्याच्याशी हळू आवाजात बोलायची.

"ऐकताय का भाऊजी? आज बसमधल्या झाडून सगळ्या पोरांनी तुमचं गाणं म्हटलं. 'मी मी मी' करत खिडक्या बडवल्या. एक पोरगं यांच्या कानाजवळ येऊन टाळी वाजवायला लागलं, त्याच बंद कानाजवळ. यांनी गाडी बाजूला घेतली आणि त्या पोराच्या थोबाडीत मारली. आठ वर्षांचं पोर, सीटवर जाऊन आपटलं, ओठ फाटला. यांचा हात कधी मुंगीवर उठला नव्हता."

"दादा कुठंय?"

"पलंगावर बसलेत. हाताकडे बघतायत. नोकरी गेली, ते जाऊ द्या. सारखं एकच म्हणतायत, 'बाबांचा हात आहे हा.' तुम्ही हसा आता. जगाला हसवा."

थोबाड भेटायला निघाला होता, खरंच निघाला होता. पण शूटिंग होतं, मग तालीम होती, मग लाज होती. लाज या कामांत सगळ्यांत जास्त वेळ खाते.

तेवढ्यात चॅनेलबाईंना बातमी लागली. खरा दादा अस्तित्वात आहे आणि तोही आता फुरसतीत आहे, हे कळल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. थोबाडला सांगायचं नाही, एकदम समोर आणायचा, भावाभावांची भेट, शेवटी दादाची चपराक. इतक्या वर्षांची परतफेड! दादाने फोनवर पूर्ण ऐकून घेतलं आणि "येतो" म्हणाला. आश्चर्याची भेट असल्यामुळे त्याला थोबाडच्या मेकअप रूममध्ये नेता आलं नाही. म्हणजे चपराक कशी मारायची हे शिकवायचं राहिलं. फ्लोअर मॅनेजरने पडद्यामागे घाईघाईत एवढंच सांगितलं, "काका, तुम्ही नुसता हात उचला. बाकीचं ते बघतात."

पडदा सरकला. दुपारचं चित्रीकरण, खुर्च्या भरलेल्या, दिवे भगभगीत. थोबाडने दादाला पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून विनोद आला नाही. दादाने त्याला बोलायची संधीही दिली नाही. सरळ चालत आला आणि हात उचलला.

हात गालावर बसला, पुरा, बोटं कानापर्यंत. आणि थोबाडचा डावा हात, वर्षानुवर्षांच्या इमानी सवयीने, छातीवर आपटला. फाट! मान फिरली, पण अर्ध्या क्षणाने उशिरा, गाल आधीच फुटला होता. प्रेक्षकांनी छप्पर उचललं. इतकी सुंदर चपराक या कार्यक्रमात कुणी पाहिली नव्हती.

दुसरा ठोसा होता. नाकाचं हाड जिथे पूर्वी मोडलं होतं तिथेच मोडलं. थाप. हशा. तिसरा पोटात, श्वास गेला, तरी थाप पडली. थोबाडला कळत होतं की हे थांबवायला हवं, पण हात ऐकत नव्हता. प्रत्येक घावाला तो नेमकी साथ देत होता, तबलजीसारखी. तो सोफ्यावरून उलटा मागे पडला, दादाने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, आणि जमिनीवर आडवा असतानाही त्याने छाती बडवली.

"रक्त केवढं," कॅमेरामन हेडफोनमध्ये म्हणाला.

"मेकअपवाल्यांनी आज मनावर घेतलंय," पलीकडून उत्तर आलं. "सोडू नको, जवळ जा."

दादा धापा टाकत थांबला. त्याची मूठ लाल झाली होती. त्याने समोर पाहिलं. दिव्यांच्या पलीकडे शेकडो माणसं डोळे पुसत होती. त्याचा सगळा जन्माचा राग, पट्ट्याचे वळ, फुटलेला कान, त्या पोराचा फाटलेला ओठ, सगळं त्यांनी एक आयटम म्हणून घेतलं होतं.

"ह... ह... हसू नका," तो म्हणाला.

अडखळणं ऐकताच त्यांनी ओळखलं. हा तर तोच! कुणीतरी मागून सुरुवात केली आणि मग सगळ्या खुर्च्या एका तालात ओरडू लागल्या, "मी! मी! मी!" फ्लोअर मॅनेजरने दोन्ही हात वर करून त्यांना आणखी चढवलं. ते त्याचं कामच होतं.

थोबाडने जमिनीवरून दादाचा चेहरा पाहिला. तो चेहरा एकाएकी आठ वर्षांच्या पोराइतका लहान झाला होता. थोबाड सोफ्याला धरून उठला.

"थांबा," तो माईकमध्ये म्हणाला. "खरं आहे हे. खरा मारतोय तो."

लोक आणखी हसले. त्याने तोंडातून दात काढून तळहातावर धरून दाखवला. टाळ्या पडल्या. एका बाईने शिट्टी मारली. आयुष्यभर त्याने खोट्याला खऱ्याचा आवाज पुरवला होता. आता त्याच्याजवळच्या खऱ्याला कुणी घेत नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "अजून एक मार."

"न... नाही."

"मार म्हणतो ना. सगळ्या जोराने. त्यांना ऐकू दे."

त्याने दोन्ही हात पँटच्या खिशांत घातले आणि मुठी आवळल्या. मान ताठ ठेवली. दादाने त्याच्या खिशांकडे पाहिलं. त्याला तंत्र माहीत नव्हतं, पण भाऊ माहीत होता. त्याने मारलं.

आवाज झाला तो फाट असा नव्हता. ओलं कापड दगडावर पडावं तसा एक बोदा, बुटका आवाज, त्याच्या आत काहीतरी कडकन मोडलेलं, आणि मग माईकने उचललेलं विव्हळणं. हा आवाज त्या सभागृहातल्या बऱ्याच जणांनी पूर्वी कधीतरी, कुठल्यातरी बंद दाराआडून ऐकला असावा, कारण त्यांनी तो लगेच ओळखला. ओरडणं मध्येच तुटलं. कुणाच्या तरी हसण्याचा शेवटचा तुकडा लोंबत राहिला आणि त्यालाही लाज वाटली. फ्लोअर मॅनेजरचे हात वरच राहिले. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला.

शांतता बरीच टिकली. दादा त्या शांततेत उभा होता, खांदे सैल सोडून. मग त्याने खाली वाकून भावाला बगलेत धरलं आणि रक्त घशात जाऊ नये म्हणून त्याला कुशीवर केलं.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात थोबाडच्या जबड्याला हनुवटीखालून पट्टी बांधलेली होती. डॉक्टरने हॉस्पिटलमध्येच राहायला सांगितलं होतं. तो सही करून निघाला होता. दादा समोरच्या बाकावर बसला होता. चॅनेलबाईंचा वकील दोघांच्या मध्ये उभा होता आणि फौजदाराला समजावत होता.

"साहेब, हे सगळं स्क्रिप्टमध्ये होतं. कलाकारांचा उत्साह. यांची काही तक्रार नाहीये. हे दोघं घरी जातील, आणि कार्यक्रम शुक्रवारी ठरल्याप्रमाणे दाखवला जाईल. शेवटचा थोडा भाग आम्ही नीट करून घेऊ. हशा वगैरे."

"हशा कुठून आणणार?" फौजदाराने विचारलं.

"असतो आमच्याकडे."

फौजदार पेन्शनला आलेला, थकलेला माणूस होता. तो थोबाडकडे वळला. "सख्ख्या भावाविरुद्ध तक्रार द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दिलीत तर मला ती टेप पुरावा म्हणून जप्त करावी लागेल आणि यांना आजची रात्र आत. नाही दिलीत तर चहा प्या आणि निघा."

थोबाडने मान हलवली, नाही म्हणून. भावाला गजाआड टाकायचं ही कल्पनाच त्याला सोसेना. एवढं सगळं झाल्यावर निदान हे तरी तो करू शकत होता.

"दे," दादा म्हणाला.

थोबाडने त्याच्याकडे पाहिलं.

"त... तक्रार दे. नाहीतर शुक्रवारी मी पुन्हा ज... जोकर." त्याला दम लागला होता. "मी खरं मारलंय तुला. हाड मोडलंय. ते खरं म्हणून लि... लिहिलं गेलं पाहिजे. एवढं तरी दे मला."

वकील हसला. "अहो काका, तुरुंगात जाल!"

"जातो."

थोबाडला पट्टीमुळे बोलता येत नव्हतं. त्याने हात पुढे केला आणि फौजदाराने त्याच्याकडे पेन सरकवलं.

जबाब दादाचाही घेतला गेला. त्याला वेळ लागला. आरशापासून सुरुवात करायची की पट्ट्यापासून, हे त्याचं ठरेना. एकेका शब्दाशी त्याची झटापट चालली होती आणि फौजदार प्रत्येक शब्द येईपर्यंत थांबत होता, कारण त्याला लिहायचं होतं. दाराशी दोन हवालदार येऊन उभे राहिले. त्यांनी थोबाडला ओळखलं होतं, पण ते दादाचं ऐकत होते. एकदोन ठिकाणी, नेमका श्वास घेतला असता आणि नजर वळवली असती, तर हमखास हशा आला असता. थोबाडला त्या जागा दिसल्या. त्याने त्या जाऊ दिल्या.

फौजदाराने शेवटी मोठ्याने वाचून दाखवलं. दादाने चांगला कान पुढे केला होता.

"'...उजव्या हाताच्या मुठीने गालावर प्रहार केला.' बरोबर?"

"मूठ नंतर," दादा म्हणाला. "पहिला हात उ... उघडा होता."

फौजदाराने खाडाखोड केली आणि बाजूला आद्याक्षर मागितलं. वकील पुन्हा स्क्रिप्टबद्दल काहीतरी सांगायला लागला, पण एका हवालदाराने त्याला वाटेतून बाजूला केलं, कारण आरोपीला आत न्यायचं होतं.